पालकांनी आत यावे

२५ ऑगस्ट १९६१ च्या ‘गार्डियन’मध्ये लंडनमधल्या एका तरुण आईचं पत्र छापून आलं. तिचं नाव बेल टुटाएव. लहान मुलीला सरकारी नर्सरीत जागा मिळेना, म्हणून शेजारणीला सोबतीला घेऊन तिने एका चर्चच्या हॉलमध्ये मुलांसाठी खेळाचा गट सुरू केला होता. पत्रात गाऱ्हाणं होतंच. नर्सरी वाढवाव्यात म्हणून शिक्षणमंत्र्यांकडे धाडायच्या अर्जावर सह्या करा, अशी विनंतीही होती. पण सरकार जागं होईपर्यंत आम्ही हे करतोय, तुम्हीही करून बघा, असा त्या पत्राचा सूर होता आणि तोच लोकांना भावला. ठिकठिकाणच्या आयांची पत्रं आली. पुढच्याच वर्षी ‘प्री-स्कूल प्लेग्रुप्स असोसिएशन’ची पहिली वार्षिक सभा भरली. ती संस्था अजून आहे. दोनदा नाव बदलून आता ती ‘अर्ली इयर्स अलायन्स’ म्हणून ओळखली जाते.

सरकारी जागा का नव्हत्या, याचं उत्तर एका परिपत्रकात सापडतं. मे १९६० मध्ये ब्रिटनच्या शिक्षण मंत्रालयाने ‘परिपत्रक ८/६०’ काढलं आणि स्थानिक प्रशासनांना बजावलं की नर्सरीच्या जागा वाढवायच्या नाहीत. प्राथमिक शाळांनाच शिक्षक पुरत नव्हते. १९६४ मध्ये या परिपत्रकाला पुरवणी जोडली गेली. ज्या नर्सरीमुळे घरी बसलेल्या विवाहित शिक्षिका शाळेत परतू शकतील, तेवढ्यापुरती वाढ करायला हरकत नाही, असं त्यात होतं. आईला मोकळं करायचं, पण ते तिने दुसऱ्यांची मुलं शिकवायला जावं म्हणून! सरकारी डोकं कुठेही गेलं तरी एकाच चालीने चालतं, एवढं म्हणून पुढे जाऊ.

हॉल चर्चचा. रविवारी तिथे प्रार्थनेला येणारी मंडळी, संध्याकाळी आणखी कुणाच्या बैठका. त्यामुळे रोज सकाळी कपाटातून सगळं काढायचं, वाळूचा ट्रे मांडायचा, रंग कालवायचे आणि दुपारी पुन्हा सगळं आवरून फरशी पुसायची. पगारी माणूस असलाच तर एखादा. बाकी आयांनी पाळी लावून घेतलेली. सोमवारी ही, मंगळवारी ती. सुरुवातीला ही निव्वळ अडचणीतून काढलेली वाट होती. काही महिन्यांत मात्र त्या बायकांच्या लक्षात येऊ लागलं की पाळीच्या दिवशी आपण फरशी पुसण्यापलीकडे बरंच काही करतोय. आपल्या मुलाइतकीच आणखी दहा-पंधरा मुलं समोर असली की त्याचा हट्ट हा त्याच्या वयाचा आहे, आपल्या वळणाचा नाही, हे कुणी न सांगता कळतं. एखादी दुसरीच बाई रडणाऱ्या पोराला कशी शांत करते, ते बघता येतं. आणि आपल्याला जमलेली गोष्ट दुसरी उचलून नेते, तेव्हा आईपणाचा धाक थोडा सैल होतो.

संघटनेने हाच आपला सिद्धांत केला. पालक आत असणं हीच प्लेग्रुपची खूण ठरली. प्राथमिक शिक्षणाची पाहणी करणारा प्लाउडेन समितीचा अहवाल १९६७ मध्ये आला, तेव्हा प्लेग्रुपकडे तो तात्पुरती सोय म्हणूनच बघत होता. त्याच समितीच्या अध्यक्ष लेडी प्लाउडेन पुढे प्लेग्रुप संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

हे प्लेग्रुप साधारण तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे. पण पाळीला येणाऱ्या आईच्या कडेवर धाकटं असायचंच. त्याला कुठे ठेवणार? अशा धाकट्यांसाठी शेजारीच ‘मदर अँड टॉडलर ग्रुप’ भरू लागले. तिथे तर मूल सोडून जायची मुभाच नव्हती. मोठ्या माणसाने तासदीड तास थांबायचं, मुलाने खेळायचं, मध्ये चहा-बिस्किट व्हायचं. आज लंडन किंवा लेस्टरला संसार थाटलेली मराठी मुलगी बाळाला बाबागाडीत घालून ज्या ‘स्टे अँड प्ले’ला जाते, ते याच वंशातलं. तिच्या नव्या गावातल्या ओळखींची सुरुवात पुष्कळदा तिथल्याच सतरंजीवर होते.

न्यूझीलंडने ही वाट वीस वर्षं आधी धरली होती. १९४१ साली वेलिंग्टनच्या करोरी भागात पहिलं ‘प्लेसेंटर’ उघडलं. नवरे युद्धावर, घरात एकटी आई आणि पायात घुटमळणारं पोर. आठवड्यातून एखादी सकाळ तिला मोकळी मिळावी आणि मुलांना सवंगडी मिळावेत, एवढाच बेत. तो आखणाऱ्यांत बीट्रिस बीबी होत्या. त्यांचे यजमान क्लॅरेन्स बीबी तेव्हा देशाचे शिक्षण संचालक. १९४८ मध्ये देशभरची केंद्रं एका महासंघात आली आणि ग्वेन सॉमरसेट त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. न्यूझीलंडचं वेगळेपण असं की तिथे पालकांसाठी अभ्यासक्रम आखले गेले. मूल खेळतं म्हणजे नेमकं काय करतं, हे आईबापांनी शिकायचं, प्रमाणपत्र घ्यायचं आणि केंद्र स्वतः चालवायचं. सरकार त्याला अधिकृत बालशिक्षण सेवा मानतं आणि अनुदान देतं. आजही तिथे शेकड्यांनी प्लेसेंटर आहेत. मात्र बायका नोकरीला लागल्या तसतशी पाळीला येणारी माणसं घटत गेली. ब्रिटनमध्येही तेच झालं.

इथे एक आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या कामाचा पगार सरकारने द्यायला हवा, ते आया फुकट करू लागल्या की सरकार सुटतं. शिवाय ज्या घरात एका पगारात भागतं, त्याच घरातली आई मंगळवारी सकाळी वाळूचा ट्रे मांडायला येऊ शकते. गिरणीत किंवा दुकानात उभी राहणारी कुठून येणार? प्लेग्रुप चळवळीवर मध्यमवर्गीय असल्याचा ठपका सुरुवातीपासून होता आणि तो खोटा नव्हता. मला विचाराल तर प्लेग्रुप हा पाळणाघराला पर्याय नव्हे, हे आधीच मान्य करून टाकावं. कामावर जाणाऱ्या आईला पाळणाघर लागतंच. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. ती आपल्या ऑफिसात कुठे आहे, हे विचारणं प्लेग्रुप काढण्याइतकंच गरजेचं.

*

आता आपल्याकडची गोष्ट, बोर्डीची. बालशिक्षणाच्या प्रवर्तक ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. मध्यमवर्गाच्या मुलांसाठी मॉन्टेसरीची वाट तयार झाली होती. मग १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी चांगली होती, पण वस्तीतली गरीब घरची, दलित-आदिवासी मुलं तिथवर पोचत नव्हती. आली तरी टिकत नव्हती. तेव्हा या दोघींनी उलट केलं. बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, आधी आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, मग खेळ. महागडी साधनं नव्हतीच. शिंपले, बिया, पानं, काटक्या, खडे, जे जिथे मिळेल ते. ही ‘अंगण बालवाडी’.

अंगणात शाळा भरली की एक गोष्ट आपोआप होते. दारात निवडत-पाखडत बसलेली आजी बघते. पाणी भरून आलेली आई घडीभर टेकते. भिंतीआड काय चालतं याचं गूढ राहत नाही. ताराबाईंनी हे पालकांसाठी म्हणून योजलं होतं, असा माझा दावा नाही. त्यांना मुलं हवी होती. पण मूल जिथे आहे तिथे, त्याच्या माणसांच्या नजरेसमोर खेळ न्यायचा, हा भाग करोरीच्या केंद्रात आणि बोर्डीच्या अंगणात सारखाच आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथल्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. कारण साधं होतं. आदिवासी पाड्यात धाकट्याला सांभाळायचं काम थोरल्या बहिणीचं. ती शाळेत यायची तर भावंडं घेऊनच येणार. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरवली गेली. चाळीच्या गॅलरीत मुलं कशी आपोआप वाढायची, असे उसासे टाकणाऱ्यांनी या थोरल्या बहिणीची आठवण ठेवावी. त्या ‘आपोआप’मध्ये पुष्कळदा एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीची शाळा बुडालेली असायची.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज या योजनेखाली देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखाहून जास्त. त्यांत तीन ते सहा वर्षांची मुलं रोज बसतात. तीन वर्षांखालच्यांचं काय? त्यांचं वजन होतं, उंची मोजली जाते, घरी न्यायचा शिधा मिळतो, लस टोचली जाते. खेळायला मात्र ती क्वचितच येतात. शहरात याच वयासाठी दुसरं टोक आहे. दीड वर्षाच्या मुलासाठी ‘प्लेग्रुप’चा फॉर्म, गणवेश, दप्तर, वर्षअखेरीला टोपी घालून पदवीदान. फाटकावर पाटी, ‘पालकांनी आत येऊ नये.’ पहिल्या आठवड्यात मूल रडतं, आई फाटकाबाहेर रडते आणि आतली बाई सांगते की तुम्ही गेल्यावर तो लगेच शांत होतो. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांचा, त्यामुळे या धंद्यावर फारसं कुणाचं लक्षही नाही. ज्या गटाची सगळी मातब्बरी आईबाप आत बसण्यात होती, तो आपल्याकडे येताना नेमकं तेवढंच गाळून आला.

*

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळात मोठ्या माणसाने बसण्याला एवढं महत्त्व का द्यायचं? जमैकातल्या किंगस्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग सुरू केला. मुलं ९ ते २४ महिन्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, हाताने केलेली खेळणी न्यायची आणि आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधलं, तेव्हा खेळाची मदत मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

घरोघर जायला माणसं लागतात, पैसा लागतो. ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या चमूने पुढे ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने ओडिशातल्या खेड्यांत तीच पद्धत दोन प्रकारे करून बघितली. काही गावांत घरभेटी, काही गावांत आया आणि मुलं एकत्र बसवून गटात खेळ. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मुलांच्या आकलनात दोन्हीकडे जवळपास सारखीच भर पडली. गटाचा खर्च मात्र घरभेटींच्या एकतृतीयांशाहून कमी. हे चर्चच्या हॉलमधल्या बायकांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. गटात एक आई दुसरीकडून शिकते आणि त्याचा पगार कुणालाच द्यावा लागत नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

तेव्हा गट काढायचाच असेल तर काय लागतं? जागा. शहरात सोसायटीचं क्लबहाउस किंवा पार्किंगवरची खोली. गावात देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं समाजमंदिर, दुपारी ओस पडलेलं वाचनालय. जागा मिळवणं हेच बहुतेक वेळा सगळ्यात अवघड काम. कमिटीत कुणीतरी विचारणारच, ‘गोंगाट झाला तर? फरशी खराब झाली तर? उद्या प्रत्येकजण मागेल.’ यावर वाद घालू नये. आठवड्यातून एक दिवस, दीड तास, तीन महिन्यांपुरतं असा लेखी अर्ज द्यावा आणि पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या सूनबाईंना नातवासकट बोलवावं.

सामान घरातलंच. ब्रिटनच्या एलिनॉर गोल्डश्मीड यांनी बसू लागलेल्या बाळांसाठी टोपलीभर रोजच्या वापरातल्या वस्तूंचा खेळ रूढ केला. प्लास्टिक नाही, लाकूड, धातू, कापड, लोकर. आपल्या स्वयंपाकघराएवढा साठा तर जगात कुठे नसेल. रवी, पळी, गाळणी, करवंटी, स्टीलचे एकात एक बसणारे डबे, लाटणं, सुपली. मोठ्या बाळांना परातीत रवा आणि दोन वाट्या, कणकेचा गोळा, बादलीत पाणी आणि मग. पाण्याच्या बादलीपाशी मात्र एक मोठा माणूस सतत हवा, अगदी वितभर पाणी असलं तरी. टॉयलेट पेपरच्या नळकांड्यातून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्याच्या हाती द्यायची नाही. म्हणजे चिंचोके, सागरगोटे, गोट्या बाद. खाऊतून शेंगदाणे आणि फुटाणे बाद. श्वासनलिकेत दाणा अडकून रुग्णालय गाठावं लागणं आपल्याकडे नवलाचं नाही. बटणाच्या आकाराची बॅटरी असलेली गाणारी खेळणी घरीच ठेवावीत.

आणि शिकवायचं काही नाही. दोन वर्षांची मुलं एकमेकांशी खेळत नाहीत म्हणून आया हिरमुसतात. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्येच नोंदवून ठेवलंय की या वयाची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. एकाच परातीत दोघं रवा उपसतायत आणि एकमेकांकडे बघतही नाहीत, तर ते ठीकच चाललंय. ‘शेअर कर, गुड बॉय ना तू,’ हा जप थांबवला तर निम्मी भांडणं होतच नाहीत. त्यापेक्षा लाटणी दोन ठेवावीत.

शेवटच्या दहा मिनिटांत गोल करून गाणी, आपडी-थापडी, बोटांचे खेळ. इथे आज्यांचं राज्य. ज्यांना क्लबहाउसमध्ये बोलावलं म्हणून संकोच वाटत होता, त्यांच्याभोवती दहा मिनिटांत घोळका होतो. नव्या आयांना यातली निम्मी गाणी येत नाहीत आणि मोबाइलवर लावण्याआधी आजीला विचारलेलं बरं, हे त्यांना तिथेच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की दोन वर्षांखालच्यांना पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसात तासाभराहून जास्त नको. हे वाक्य भिंतीवर चिकटवून उपयोग नाही. दीड तास सगळ्यांचे फोन एका डब्यात ठेवायचे, तर जरा फरक पडतो. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. पहिला फोटो पडल्यावर तो करता येत नाही.

बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींचा प्रश्न मला यातला सर्वांत कठीण वाटतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाळ ज्यांच्या हातात, त्या बाहेरच्या बाकावर बसतात आणि आत सतरंजीवर रजा घेतलेली आई बसते, असं घडू शकतं. काही सोसायट्यांत कामवाल्या बायकांची लिफ्टच वेगळी असते. तिथे सतरंजी एक कशी होणार? गट खरोखर मुलाच्या दिवसासाठी असेल, तर मावशी आत हव्यात, आणि बाळाला धरून ठेवायला नव्हे, बाळाशी खेळायला. चहाचा कपही तोच. हे ज्यांना जड जाईल, त्यांनी गट काढण्याआधीच आपसात बोलून घ्यावं. बाबांची अडचण वेगळी. एकटा बाबा आला की बायकांच्या गप्पा थबकतात आणि दूध पाजणारीला कोपरा शोधावा लागतो. म्हणून आडोशाचा एक कोपरा आधीच करावा आणि एक बैठक शनिवारी ठेवावी. दोन बाबा आले की अवघडलेपण बऱ्यापैकी जातं.

चावणं होणार. बोलता येत नाही, हातातलं लाटणं कुणी ओढलं, दात लावले. चावणाऱ्याची आई शरमेने पुढच्या आठवड्यात येत नाही आणि ज्याला चावलं त्याची आई ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकते. संध्याकाळी चावणाऱ्याच्या आईला एक फोन करायचं काम कुणाकडे तरी नेमून दिलेलं असावं. तसंच दुसरं नाजूक काम. ‘आमचा अजून बोलत नाही,’ असं एखादी सहज म्हणून जाते. त्यावर ‘माझा दीरसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ हा दिलासा देऊ नये आणि निदानही करू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी होते, एवढी माहिती कुणाकडे असली की पुरे.

*

खेड्यात हे नव्याने उभारायची गरजच नाही. शिधावाटपाच्या नि लसीकरणाच्या दिवशी आया मांडीवर मूल घेऊन अंगणवाडीत येतातच. रांगेत उभ्या राहतात, सही करतात, निघून जातात. त्याच दिवशी सतरंजी अंथरली तर गट तयार आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साथीने महाराष्ट्रात राबवलेल्या ‘आरंभ’ कार्यक्रमात अंगणवाडीचे ‘पालक मेळावे’ भरले, मुलांशी कोणकोणते खेळ खेळता येतील ते तिथे मांडून दाखवलं गेलं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडाही काढला. कागद तयार आहेत. पण ज्या सेविकेने हे करायचं, तिच्याकडे पोषणाच्या नोंदी आहेत, मोबाइल ॲप आहे, सर्वेक्षणं आहेत. याच सेविका डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस मानधनासाठी संपावर होत्या. तिच्या पाटीवर आणखी एक काम टाकताना त्याचे पैसे वेगळे द्यावेत. नाहीतर मेळाव्याचा फोटो अपलोड होईल आणि सतरंजी पुन्हा कपाटात जाईल.

शहरातल्या गटाचं मरण दुसऱ्या प्रकारचं. ज्या दोघीतिघींनी धडपडून तो उभा केला, त्यांची मुलं तीन वर्षांची होतात, शाळेत जातात आणि त्या येणं थांबवतात. ब्रिटनच्या प्लेग्रुपांनीही हे भोगलं. कमिटी दरवर्षी बदलायची, नव्यांना सगळं पहिल्यापासून शिकायचं. म्हणून क्लबहाउसची किल्ली पहिल्या महिन्यातच सर्वांत लहान बाळाच्या आईकडे द्यावी. तिच्याकडे अजून दोन-अडीच वर्षं आहेत. सतरंजी कोण धुणार, ते त्याआधी ठरलेलं असावं.